नणंदबाईंची आंघोळ

मेश्रामताई रायफल हातात घेण्याआधी हसून घ्यायच्या. सतरंजी अंथरून झाली, काडतुसांची डबी उजव्या हाताला ठेवून झाली, की त्या रेंजच्या कडेला कडुनिंबाखाली जात, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत आणि खदखदा हसत. कारण काही नसे. नव्या माणसाला वाटे, बाईंना काही झालं. जुनी माणसं घड्याळ बघत थांबत. मग पदराने डोळे पुसत त्या यायच्या आणि पालथ्या पडून नेम धरायच्या.

‘‘पोटात हसू ठेवून ट्रिगर दाबला की गोळी शेजारणीच्या घरी जाते, भाऊ,’’ त्या मला म्हणाल्या होत्या. ‘‘म्हणून आधीच सारा स्टॉक संपवून टाकाचा.’’

ही लखनौची गोष्ट, नव्वदीच्या दशकातली. मी बख्शी का तालाबला हवाई दलात सार्जंट होतो आणि जानकीपुरममध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. शेजारच्या घरात मेश्राम जोडपं. दोघं भंडाऱ्याकडची. ते रेल्वेत, त्या टेलिफोन खात्यात. ताईंचं काम लाइनवरचा फॉल्ट शोधण्याचं, आणि आवड पॉइंट टू टू रायफलची. कॉलेजात एनसीसीत बंदूक धरली होती, मग लग्न, मुलं, बदल्या. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा धरली. नेमबाजीचा जाड कोट परवडत नव्हता, म्हणून प्रवासात अंथरूण बांधायच्या जुन्या होल्डॉलच्या कापडाचा शिवून घेतला होता. त्याच्या पाठीवर होल्डॉलचा पट्टा आणि बक्कल तसंच होतं. मेश्रामसाहेब म्हणत, ‘‘गाडीत जागा नाई मिळाली तर हिलेच गुंडाळून वर ठेवता येते.’’

आता जे तेव्हा गिळून बसलो ते आधीच सांगून टाकतो. त्या हिवाळ्यात ताईंची रायफल बिघडली होती, आणि ती मी बिघडवली होती.

त्यामागे वैर नव्हतं, उपकार होता. माझ्या वडिलांचं साताऱ्यात ऑपरेशन झालं तेव्हा मला रजा मिळाली नाही. ते गावी परतले, तर गावात फोन एकच, पोस्टात. ताईंनी इकडे-तिकडे बोलून, कुणाकुणाच्या विनवण्या करून, ठरल्या वेळी वडिलांना पोस्टात आणवलं आणि लाइन जोडून दिली. मी रिसीव्हर घेतला. म्हणालो, ‘‘बरंय ना?’’ तिकडून ‘‘बरंय’’ आलं. मी ‘‘बरं’’ म्हणून फोन ठेवला.

‘‘एवढ्यासाठी मी अर्धा हिंदुस्थान जागा केला काय जी?’’ ताई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. ‘‘भाऊ, तुमच्यात रिंग जाते, पण उचलत कोनी नाई!’’

मला आभार मानायचे होते. दहा वेळा वाक्य जुळवलं, दहा वेळा गिळलं. मी असाच आहे. माझी बायको लता म्हणते, लग्नात मंगलाष्टकं ऐकून तरी तुम्ही काही बोलाल असं वाटलं होतं. मग तोंड उघडत नाही म्हणून मी हात चालवायचं ठरवलं.

ताईंना रविवारी सकाळी स्कूटरवरून रेंजवर नेणं-आणणं माझ्याकडे असे. त्या ज्या रायफलवर सराव करत ती क्लबची होती, पण इतर कुणी तिला हात लावत नसे, कारण ती लहरी. ताईंनी तिचं नाव नणंदबाई ठेवलं होतं. ‘‘तिचा मूड समजला की घर चालते.’’ सराव संपला की ताई तिच्या नळीतून एक कोरडी चिंधी ओढायच्या आणि रायफल कपाटात. मी एकदा त्या नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. आत काळपट, मेणचट थर! आमच्या ट्रेनिंगमध्ये उस्ताद नळीला डोळा लावून म्हणायचा, ‘‘इसमें मेरी मूँछ दिखनी चाहिए.’’ मिशी दिसली नाही की मैदानाला फेऱ्या. ही घाण बघून माझे पाय आपोआप पळायला निघाले.

ठरलं. ताई सरावानंतर रेंज सांभाळणाऱ्या मिश्राजींबरोबर चहा पीत बसत. तेवढ्यात मी मागच्या खोलीत नणंदबाईंना आंघोळ घालू लागलो. सळई, पितळी ब्रश, सॉल्व्हंट, चिंध्या, आणि शेवटी आतून तेलाचा हात. नळीत मिशी दिसेल अशी चकाकी. कुणाला सांगितलं नाही. गुप्तदान म्हणतात ना, तसं. मिश्राजींनी एकदा पाहिलं आणि दारातच थबकले. ‘‘वाह साहब! ये तो आईना बना दिया आपने.’’ मी बोटाने गप्प राहायची खूण केली. गप्प राहणं हा माझा प्रांतच होता.

पुढच्याच रविवारी नणंदबाईंनी गोळ्या अशा विखुरल्या, जशा लग्नात अक्षता. एक वर, एक खाली, एक थेट कागदाच्या कोपऱ्यात.

ताई उठून बसल्या. चिडल्या नाहीत, डोळे चमकले. फॉल्ट दिसला की त्यांना सणासारखं होई. ‘‘पाहा भाऊ, फॉल्ट शोधाचा तर एका वेळी एकच वायर हलवाची. दोन हलवल्या की फॉल्ट आपल्याले हसते.’’ त्यांनी लाकडी दस्त्याचे स्क्रू तपासले, एक किंचित ढिला वाटला, तो आवळला. पुन्हा पालथ्या पडल्या. गोळ्या हळूहळू जवळ आल्या आणि सराव संपेपर्यंत चवलीच्या नाण्याएवढ्या जागेत बसू लागल्या. ‘‘सापडला!’’ ताई ओरडल्या. जिलेबी मागवली.

त्या जिलेबी खात असताना मी आत नळी घासत होतो.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा अक्षता. या वेळी नेम धरायची मागची साइट हलते असं निघालं. तिच्याखाली सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घातला. थोड्या वेळाने गोळ्या एकत्र आल्या. ‘‘सापडला!’’ जिलेबी. त्यानंतरच्या खेपेस थंडी. धुक्यात काडतुसं गारठतात, असं ताईंचं निदान. म्हणून कोटाच्या आत गरम पाण्याची पिशवी आणि तिला चिकटून काडतुसांची डबी. गोळ्या एकत्र. जिलेबी. मग चहात साखर बंद. मग डाव्या पायात दोन मोजे. मग मेश्रामसाहेबांनी मागे बसून शेंगा सोलायच्या नाहीत. दर वेळी सुरुवातीला पांगापांग, ताई एक उपाय करायच्या, शेवटी गोळ्या शहाण्या व्हायच्या. आणि लागू पडलेला उपाय सोडायचा कसा, म्हणून तो कायम. दीड महिन्यात ताई नेम धरायला आडव्या पडत तेव्हा चांदीचा कागद, गरम पिशवी, तीन मोजे, फिका चहा आणि शेंगांविना हिरमुसलेला नवरा एवढा सरंजाम लागे.

आणि मी? त्यांच्या गोळ्या जितक्या पांगत तितका मी जास्त घासत होतो. मला वाटे, नळीत अजून घाण राहिली असणार.

हसण्यावारी चाललेलं हे प्रकरण हसण्याचं नव्हतं. जानेवारीअखेर राज्याच्या संघासाठी ट्रायल होती, आमच्याच रेंजवर. आदल्या दोन वर्षी ताई थोडक्यात हुकल्या होत्या. ‘‘हा शेवटचा चान्स,’’ त्यांनी सांगून टाकलं होतं. ‘‘आता नाई झालं तर बंदूक कपाटात, अन् मी लोणच्याच्या बरण्यात. चाळीशी उलटली, भाऊ. डोये कोनाचे राहते?’’

मग त्यांनी शेवटची वायर हलवली. क्लबमधल्या एका पोरीला नणंदबाई दिली आणि तिची रायफल स्वतः घेतली. पण दिली कधी, तर सरावाच्या शेवटी. पोरीने झकास मारल्या. ताईंनीही झकास मारल्या. ताई बराच वेळ दोन्ही कागद समोर धरून बसल्या.

‘‘मी चांगली, नणंद चांगली. आमी दोघी मिळून वाईट. हे तं लग्नासारखंच झालं की!’’ आणि इतक्या हसल्या की होल्डॉलचं बक्कल तुटलं. पण दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने नंबर तोच आहे म्हणून सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी लता त्यांच्याकडे गेली तेव्हा त्या बरण्या धुवून उन्हात पालथ्या घालत होत्या. लताने येऊन मला ते सांगितलं. कारण मीच आहे हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

ते कळलं दोन आठवड्यांनी. पुढच्या रविवारी मला हवाई दलाच्या स्टेशनवर ड्यूटी लागली आणि सरावानंतरची आंघोळ हुकली. त्याच्या पुढच्या रविवारी ताई आडव्या पडल्या आणि पहिली गोळी दहात, म्हणजे अगदी मधल्या वर्तुळात. दुसरी दहात. तिसरीने पहिल्या दोघींचंच भोक मोठं केलं. रेंजवर टाळ्या. मिश्राजी नाचले. ताईंनी मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत नव्हतो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: या वेळी काय नव्हतं? मी नळी घासली नव्हती.

सोमवारी मी आमच्या शस्त्रविभागातल्या म्हाताऱ्या वॉरंट ऑफिसरला आडून विचारलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, ‘‘पॉइंट टू टू को नहलाते नहीं, भाई! शिशाची गोळी, वर मेण. ते मेण नळीला आतून बसलं की मगच गोळी सरळ जाते. तुम उसका मेकअप उतार देते हो, ऊपर से तेल! मग पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या ती पुन्हा मेकअप करण्यातच घालवणार.’’

म्हणजे ताईंचे सगळे उपाय बिनकामाचे होते. गोळ्या एकत्र येत त्या नळीत पुन्हा मेण बसलं म्हणून. आणि मिशी दिसावी म्हणून मी ते दर रविवारी खरवडून काढत होतो.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी मी ताईंच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि मीच बोलायची वाट बघत राहिल्या. मी म्हणालो, ‘‘थंडी फार आहे.’’

‘‘हाव, हाय,’’ त्या म्हणाल्या. आणखी थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘भाऊ, फॉल्ट सापडला. फॉल्ट तुमी हाय. तुमाले ड्यूटी लागली अन् नणंद सुधारली. आता ट्रायल होईतोवर रेंजवर पाय ठेवाचा नाई. स्कूटर ह्यांना द्या.’’

काय सांगू, मला हायसं वाटलं! मी रेंजवर नाही म्हणजे आंघोळ नाही, म्हणजे सगळं ठीक. बोलायची गरजच उरली नाही. जानकीपुरमभर मी पनवती ठरलो. भाजीवाला भैयाही विचारू लागला, ‘‘साहब, आप पे रोक लगी है?’’ लता म्हणाली, ‘‘घरातल्या कढया घासा. त्यांनाही चकाकी येऊ द्या.’’ तिला तेवढं मी सांगितलं होतं.

ट्रायलच्या सकाळी मी कोपऱ्यावर मटार निवडत होतो. समोरून सायकलवर मिश्राजी, हँडलला जिलेब्यांचं पुडकं. पाहुण्यांसाठी आणायला आले होते.

‘‘साहब, आप नहीं थे तो क्या, हमने कमी नहीं होने दी!’’ ते अभिमानाने म्हणाले. ‘‘कल शाम दीदी की राइफल हमने चमका दी. बिल्कुल आपके तरीके से. तेल भी अच्छे से. आईना है, आईना!’’

मटार तिथेच सोडले. माझ्या गुप्तदानाचा वसा मिश्राजींनी पुढे चालवला होता. त्यांना मी एक शब्द सांगितला असता तर! पण हळहळायला वेळ नव्हता. स्कूटर मेश्रामांकडे होती. मिश्राजींना ‘‘सायकल द्या’’ म्हणायलाही मी थांबलो नाही. ती त्यांच्या हातातून घेतली आणि निघालो. जिलेब्या हँडललाच.

रेंजवर पोचलो तेव्हा ताईंचं निंबाखालचं हसून झालं होतं. सगळ्याजणी ओळीने पालथ्या, कानावर आवाज अडवणारे मफ, नेम जमवण्याच्या गोळ्या आता सुरू होणार. मी बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोराशी जाऊन म्हणालो, ‘‘ताई.’’

माझ्या आवाजात. तो मलाही ऐकू आला नाही.

‘‘ताई, नळी साफ आहे!’’ जरा मोठ्याने. ताईंनी मान वळवली, मला पाहिलं आणि हाताने, कोंबडी हाकलावी तसं हाकललं. कानावरचा मफ काढला नाही. पलीकडे मेश्रामसाहेब बिनशेंगांचे बसले होते, ते दचकून उठले. मी दोराखालून आत शिरलो. तेवढ्यात रेंज ऑफिसरने, हे निवृत्त मेजरसाहेब होते, कर्कश शिटी फुंकली. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या. सगळ्यांनी मफ काढले. पूर्ण शांतता झाली. आणि बरोबर त्याच क्षणी, आयुष्यात कधी लावला नव्हता तसा आवाज लावून मी ओरडलो:

‘‘ताई, नणंदबाईंना दर रविवारी मीच आंघोळ घालत होतो!’’

कडुनिंबावरचे पोपट उडाले.

मेजरसाहेब लालबुंद. ‘‘ये आदमी क्या कह रहा है?’’

ताई उठून बसल्या. त्यांनी शांतपणे भाषांतर केलं, ‘‘सर, कह रहे हैं कि मेरी ननद को हर इतवार ये नहलाते थे.’’

‘‘व्हॉट?’’

‘‘और कल शाम मिश्राजी ने नहलाया,’’ मी घाईघाईने भर घातली.

मेश्रामसाहेबांना तीन बहिणी. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

ताईंच्या चेहऱ्यावर मात्र फॉल्टवाला उजेड पडला होता. ‘‘तेल?’’

‘‘भरपूर.’’

‘‘ब्रश?’’

‘‘पितळी.’’

‘‘कधी समजलं हे तुमाले?’’

‘‘आत्ताच. मिश्राजी भेटले तेव्हा,’’ मी म्हणालो. एवढं बोललो होतो, आणि त्यात शेवटचं वाक्य खोटं.

ताई वळल्या. मेजरसाहेबांना त्यांनी रायफलच दाखवली. त्यांनी नळीला डोळा लावला आणि मान हलवली, ‘‘माय गॉड, किस गधे ने...’’ मी हात वर केला. नियम असा की ठरलेल्या वेळात नेम जमवायला कितीही गोळ्या मारा, पण गोळ्या तुमच्या. आणि ताईंकडची चांगली काडतुसं मोजकी. मी मिश्राजींच्या कपाटातून सरावाच्या हलक्या काडतुसांची जुनी पेटी काढून आणली. मेजरसाहेब म्हणाले, ‘‘टाइम बढ़ाऊँगा नहीं.’’ ताई म्हणाल्या, ‘‘नको बढ़ाइए,’’ आणि आडव्या पडल्या.

पहिली गोळी कुठे गेली कुणाला कळलं नाही. दुसरी कागदाच्या कडेला. ताई भराभर मारत होत्या, बोल्ट ओढत होत्या, पुटपुटत होत्या, ‘‘पावडर लावून घे बाई... काजळ घाल... चाल, मांडवात चाल.’’ वीसेक गोळ्यांनंतर नळी शुद्धीवर आली. गोळ्या जवळ जवळ सरकल्या. मग चांगली काडतुसं निघाली. दहा. दहा. नऊ. दहा. ना गरम पिशवी, ना जादा मोजा. मेश्रामसाहेबांनी खिशातून शेंगा काढून खुशाल फोडायला सुरुवात केली होती.

शेवटाकडे, अगदी चारच गोळ्या राहिल्या असताना, ताईंचे खांदे हलले. मी ओळखलं. निंबाखाली संपवलेला स्टॉक मी पुन्हा भरून दिला होता. त्यांनी श्वास रोखला, ओठ दाबले, होल्डॉल थरथरला, आणि गोळी सुटली. ती शेजारणीच्या कागदावर, बरोब्बर मधोमध, दहात.

शेजारणीने मान वर करून ‘‘थँक यू’’ म्हटलं. मग ताई उताण्या झाल्या आणि आभाळाकडे तोंड करून हसल्या. मेजरसाहेबांनी शिटी फुंकायला तोंडात घेतली, पण तिच्यातून हसूच बाहेर आलं.

त्या एका गोळीने ताईंची जागा गेली. संघात त्या आल्या, पण राखीव म्हणून. ऑफिसात ‘राखीव’ शब्द ऐकून दोघेतिघे गालात हसले. ताई त्यांच्याहून मोठ्याने हसल्या, ‘‘हसून घ्या. ही जागा मले बंदुकीनं दिली हाय. कोनाले अर्ज कराचा असंल तं रेंजवर या.’’ लोणच्याच्या बरण्या त्यांनी लताला देऊन टाकल्या. पुढच्या वर्षी त्या संघात पक्क्या आल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि क्लबच्या कपाटातून त्यांनी साफसफाईची सळई कायमची जप्त केली.

मग त्यांची नागपूरला बदली झाली. चारबाग स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. कुलींची ओरड, सामान, मेश्रामसाहेबांची डब्यांची मोजामोज. ताईंनी खिडकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबलचक वस्तू बाहेर काढली. एका कुलीच्या पगडीला ती लागली.

‘‘घ्या भाऊ. तुमची सळई. आता घासा पाहिजे तितकं, मी नाई इथं.’’

मी ती घेतली. गाडी सुटायला वेळ होता. मी म्हणालो, ‘‘ताई, ते... मला आधी माहीत होतं. मिश्राजी भेटायच्या आधी. तुम्ही दहात दहा मारलेत त्या दिवसापासून.’’

‘‘माहीत हाय.’’

‘‘कसं काय?’’ मी विचारलं.

‘‘अख्खी रेंज टाळ्या वाजवून राहिली होती, अन् तुमचा एकट्याचा चेहरा पडला. काय करता ते नव्हतं समजलं मले. पन काहीतरी करता, हे समजलं. तुमी दारात आले, तं मी बोलन्याची वाट पाहत उभी राह्यली. तुमी थंडी सांगितली.’’ त्या हसल्या. ‘‘मंग रेंज बंद केली तुमची. राग नाई जी. लाइन मेली की जिती, ते रिंग देऊनच समजते. मी रिंग देऊन राह्यली होती.’’

‘‘मी फार उशीर केला.’’

‘‘केला ना. पोपट उडाले त्या दिवशी उचलला.’’ गाडीने झटका दिला. ‘‘पन उचलला, भाऊ! अन् असा उचलला की मेजरच्या कानाचे पडदे गेले!’’

खिडकी पुढे सरकू लागली आणि त्यांचं हसू सुरू झालं. मी तोंड उघडलं. वडिलांच्या त्या फोनसाठी जुळवलेलं वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं तयार होतं. ‘‘ताई, त्या फोनबद्दल...’’ म्हणत मी सळई घेऊन गाडीबरोबर पळू लागलो. लोक बाजूला होत होते. बाकीचं वाक्य मी पळत पळत, ओरडून पूर्ण केलं. त्यांना ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. फलाट संपला तरी हसणं ऐकू येत होतं.

ती सळई आज आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा धरून आहे. लता मला ती वर्षातून एकदासुद्धा पुसू देत नाही.